हलक्या गिअरची लाज कशाला?

घाट चढताना सायकलवरून उतरलेल्या माणसाकडे बघण्याची आपल्याकडे एक ठरलेली नजर आहे. बाजूने जाणाऱ्या जीपमधून ‘काय काका, संपला का दम?’ अशी आरोळी येते आणि जीप पुढच्या वळणाआड जाते. ती वेळ येऊ नये म्हणून कोणी सर्वांत हलका गिअर टाकून, पाय भराभर फिरवीत, मुंगीच्या गतीने चढू लागला, तर बरोबरचे सायकलस्वारही मिशीतल्या मिशीत हसतात. या सर्वांत हलक्या गिअरला इंग्रजीत ‘ग्रॅनी गिअर’, म्हणजे आजीबाईंचा गिअर म्हणतात. आपल्या सायकलस्वारांनी हा शब्द उचलला आणि त्याबरोबर त्यातली कुचेष्टाही उचलली.

वरवर ही थट्टेची गोष्ट आहे. परंतु या थट्टेने सायकली कशा विकल्या जातात, कशा विकत घेतल्या जातात आणि घेतल्यावर किती दिवसांत गच्चीवर जाऊन पडतात, हेही ठरते. म्हणून तिचा जरा गंभीरपणे विचार केला पाहिजे. माझे म्हणणे थोडक्यात असे : सामान लादून, खडी-मुरुमाच्या रस्त्यांनी, डोंगरातून फिरण्यासाठी म्हणून आज ज्या सायकली दुकानात उभ्या आहेत, त्यांपैकी बऱ्याच सायकलींचा सर्वांत हलका गिअरही या कामासाठी जड आहे. हा दोष सायकलस्वाराच्या मांड्यांचा नाही, दात्यांच्या हिशेबाचा आहे.

डांबरी घाट आणि गावची वाट

गेल्या दहा-पंधरा वर्षांत सायकलीचा एक नवा प्रकार रूढ झाला. त्याला ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात. शर्यतीच्या सायकलीसारखे वळलेले हँडल, पण टायर जाड, चाळीस मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे ती कच्च्या रस्त्यावरही चालते. हँडलला, सीटखाली आणि सांगाड्याच्या पोटात पिशव्या बांधायच्या, त्यांत अंथरूण-पांघरूण, स्टोव्ह, चार कपडे आणि दोन दिवसांचा शिधा भरायचा आणि निघायचे. याला ‘बाइकपॅकिंग’ असे नाव आहे. नाव नवे असले तरी गोष्ट आपल्याला परकी नाही. कॅरिअरला वळकटी बांधून पंढरपूर-तुळजापूर करणारे लोक आपल्या आजोबांच्या पिढीत होतेच.

या छंदाला सह्याद्रीसारखी भूमी शोधून सापडणार नाही. सातारा-पाटणकडच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांसाठी केलेले मुरुमाचे रस्ते आहेत. धरणांच्या पाणपसाऱ्याला वळसा घालणाऱ्या कच्च्या वाटा आहेत. कोकणातल्या सड्यांवरून जांभ्याच्या लाल धुळीतून जाणाऱ्या गाडीवाटा आहेत. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ज्याला आपण घाट म्हणतो, तो डांबरी घाटरस्ता मुळात सौम्य असतो. भरलेला ट्रक वर चढला पाहिजे या हिशेबाने तो आखलेला असतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना सुमारे चाळीस किलोमीटरमध्ये साडेबाराशे मीटरच्या आसपास उंची गाठावी लागते. म्हणजे सरासरी चढ तीन-साडेतीन टक्क्यांचाच, शंभर मीटर चालीला तीन-साडेतीन मीटर. मधले काही टप्पे अधिक उभे आहेत, तरी एकूण घाट लांब आहे, आडदांड नाही.

गावची कच्ची वाट मात्र कोणत्याही इंजिनिअरने ट्रकसाठी आखलेली नसते. ती बैलांच्या, गुरांच्या आणि पायी माणसांच्या सोयीने, जवळात जवळ अंतराने डोंगर चढते. तिथे दहा-बारा टक्क्यांचा चढ अपवाद नसतो, आणि तो डांबरावर नव्हे तर सुट्या खडीवर असतो. त्यामुळे डांबरी घाटात चाललेला गिअर गावच्या वाटेवर चालेलच असे नाही. आणि सामान असेल तर बहुधा चालत नाही.

दात्यांचा हिशेब

हा हिशेब सातवीतल्या मुलाला येईल इतका सोपा आहे. पुढच्या चेनव्हीलचे दाते भागिले मागच्या चक्रीचे दाते, म्हणजे पायडल एकदा फिरले की मागचे चाक किती वेळा फिरते ते. ग्रॅव्हल सायकलीच्या चाकाचा घेर, जाड टायर धरून, सुमारे २.२ मीटर असतो. त्याने गुणले की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते निघते.

आपल्या वडिलांच्या काळ्या रोडस्टरला पुढे साधारण ४४ ते ४८ आणि मागे १८ ते २० दाते असत. गुणोत्तर २.४ च्या आसपास. एका फेऱ्यात सायकल सव्वापाच मीटर पळे. सपाट रस्त्यावर दूधवाल्याच्या किटल्या वाहायला ते पुरे होते. घाटात मात्र दूधवाला निमूटपणे उतरून सायकल हातात धरी, आणि त्याला कोणी दम संपला म्हणत नसे.

आता आजच्या ग्रॅव्हल सायकली पाहा. शिमानो या जपानी कंपनीने २०१९ साली खास या प्रकारासाठी ‘जीआरएक्स’ ही गिअरची मालिका आणली. तिच्यातल्या एका लोकप्रिय मांडणीत पुढे ४० दात्यांचे एकच चेनव्हील आणि मागे सर्वांत मोठी चक्री ४२ ची असते. गुणोत्तर ०.९५, एका फेऱ्यात २.१ मीटर. याउलट साध्या, स्वस्त, तीन चेनव्हीलच्या सायकलीत सर्वांत लहान चेनव्हील २४ चे आणि मागची मोठी चक्री ३४ ची असेल, तर गुणोत्तर ०.७, एका फेऱ्यात १.५५ मीटर. म्हणजे दिसायला साधी असलेली सायकल चढावर अधिक दयाळू आहे. आणि गंमत अशी की, सामान्यतः हीच सायकल ‘शिकाऊ लोकांची’ म्हणून दुकानाच्या मागच्या रांगेत उभी असते.

हा फरक किती, ते आकड्यांत पाहू. सायकलस्वार ७२ किलोचा, सायकल १३ किलोची, सामान १२ किलो आणि पाणी ३ लिटर. एकूण शंभर किलो. चढ दहा टक्के, रस्ता मुरुमाचा. डोंगराची ओढ आणि रस्त्याचा अडथळा मिळून सुमारे ११३ न्यूटन जोर लागतो. बऱ्यापैकी सराव असलेला प्रौढ माणूस असल्या चढावर दीडशे वॅटच्या आसपास काम सातत्याने करू शकेल असे धरले, तर वेग निघतो ताशी ४.८ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला ८० मीटर. आता ८० ला २.१ ने भागा : मिनिटाला ३८ फेरे. १.५५ ने भागा : ५२ फेरे. सपाटीवर आपण ८०-९० फेऱ्यांनी सहज पाय फिरवतो. ३८ फेऱ्यांवर पायडल मारणे म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एकेक पायरी चढण्यासारखे असते, आणि त्या पायऱ्या हजारांनी मोजाव्या लागतात.

काम तेवढेच आहे, वेगही तेवढाच आहे. पण फेरे कमी झाले की प्रत्येक फेऱ्यातला जोर त्याच प्रमाणात वाढतो. ५२ ऐवजी ३८ फेरे म्हणजे पायावर येणारा जोर एक-तृतीयांशाहून अधिक वाढला. हा जादा भार गुडघा सोसतो. छातीचा भाता रात्री झोपून भरून येतो. दुखावलेला गुडघा दुसऱ्या दिवशीच्या डोंगरावर तसाच्या तसा बरोबर येतो.

मातीवर ताकद घसरते

यावर तगड्या मंडळींचे उत्तर तयार असते : ‘सीटवरून उठून उभे राहा आणि मारा पायडल.’ डांबरावर हे ठीक आहे. सुट्या खडीवर उभे राहिले की शरीराचा भार पुढे जातो, मागचे चाक हलके होते आणि जोराचा दणका बसताच ते जागच्या जागी गरगरते. चाक घसरले की सायकल थांबते, आणि बारा टक्क्यांच्या चढावर थांबलेली लादलेली सायकल पुन्हा चालू करणे हे काम ज्याने केले आहे, त्यालाच ठाऊक. मातीच्या चढावर सीटवर घट्ट बसून, भार मागच्या चाकावर ठेवून, पाय एकसारखे हलके फिरवावे लागतात. हे जड गिअरवर होऊच शकत नाही. म्हणून हलका गिअर अशक्तांची कुबडी आहे, हा समज मुळातच चुकीचा आहे. कच्च्या रस्त्यावर तो जमीन पकडून राहण्याचा मार्ग आहे, आणि त्याची गरज पहिलवानालाही तितकीच आहे.

हा समज जुना आहे, आणि तो आपला एकट्यांचाही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये सेंट-एतियन गावी पॉल द व्हिव्ही नावाचा गृहस्थ ‘वेलोसियो’ या टोपणनावाने ‘ल सिक्लिस्त’ या आपल्या मासिकात अनेक गिअरांचा आग्रहाने पुरस्कार करीत होता. त्याच वेळी टूर द फ्रान्सचा संचालक हेन्री देग्रांज मात्र बदलत्या गिअरांना दुर्बळांची सोय समजत होता. ही शर्यत १९०३ साली सुरू झाली, आणि तिच्यात डिरेलर वापरण्याची मोकळीक मिळायला १९३७ साल उजाडले. तोवर आल्प्सच्या पायथ्याशी स्पर्धक सायकलवरून उतरत, मागचे चाक काढीत, ते उलटे करून दुसऱ्या बाजूची मोठी चक्री साखळीत आणीत आणि मग चढू लागत. वेलोसियो १९३० साली वारला. आपला विजय पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. पण काळाने निकाल त्याच्याच बाजूने दिला. आज टूरमधले जगातले सर्वांत बलवान सायकलस्वार चढासाठी मागे तीस ते चौतीस दात्यांची चक्री लावतात. त्यांच्या आधीच्या पिढ्या पंचविशीच्या आसपास भागवीत. आजचे स्पर्धक कमकुवत झाले, असे कोणी म्हणत नाही. आणि त्यांच्या सायकलीला ना पिशव्या असतात, ना रस्त्यावर मुरूम.

शर्यतीची मोजमापे, गृहस्थाचा प्रवास

मग दुकानातल्या सायकली अशा का? कारण त्यांची मोजमापे शर्यतीतून येतात. स्रॅम या अमेरिकी कंपनीने २०१२ साली डोंगरी सायकलींसाठी पुढे एकच चेनव्हील आणि मागे अकरा चक्र्या असा संच आणला, आणि पुढे ही पद्धत ग्रॅव्हल सायकलींतही शिरली. तिचे गुण खरे आहेत, ते नाकारू नयेत. पुढचा डिरेलर जातो, एक खटका कमी होतो, चिखलात अडकायला एक जागा कमी राहते, साखळी सहसा उतरत नाही. आमच्या पावसाळ्यातल्या लाल चिखलात हा फायदा लहान नाही. आक्षेप एका चेनव्हीलला नाही, ते ४० दात्यांचे असण्याला आहे. रिकाम्या सायकलीवर, सपाट रस्त्यावर, स्पर्धेच्या वेगात पळणाऱ्या तरुणाला ते बरोबर आहे. तोच आकडा पिशव्या लादलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाच्या गळ्यात बांधणे बरोबर नाही. २०२३ साली जीआरएक्समध्ये मागे ५१ दात्यांपर्यंतची चक्री आली, ही सुधारणाच आहे. पण पुढे ४० कायम राहिले तर तिथेही एका फेऱ्यात १.७ मीटरहून अधिक पळावे लागते. त्याच ५१ च्या पुढे ३२ चे चेनव्हील बसवले तर हेच अंतर १.४ मीटरवर येते आणि चढावरचे फेरे सत्तावन्नवर जातात.

‘पण मग उतारावर, सपाटीवर पाय नुसतेच फिरतील’, असा दुसरा आक्षेप येतो. तोही आकड्यांनीच तपासावा. पुढे ३४ आणि मागे ११ दाते असतील तर एका फेऱ्यात ६.८ मीटर, ८० फेऱ्यांनी ताशी ३२ किलोमीटरहून अधिक वेग. लादलेल्या सायकलीवर, मुरुमाच्या रस्त्यावर ताशी बत्तीसच्या वर पायडल मारणारा शहाणा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्या वेगाच्या पुढे ब्रेक महत्त्वाचे असतात. वरचा गिअर गेला तर आपण पाच मिनिटे उशिरा पोचतो. खालचा गिअर नसला तर कदाचित पोचतच नाही. या दोन तोट्यांना एकाच तराजूत घालता येणार नाही.

तिसरा आक्षेप मात्र रास्त आहे. गिअर हलका करीत गेले तर वेग इतका उतरतो की तोल सांभाळता येत नाही. मग चालणे काय वाईट? खरे आहे. ताशी साडेतीन-चारच्या खाली सायकल डुलू लागते, आणि तिथे उतरून चालावे, त्यात कमीपणा नाही. म्हणूनच गुणोत्तर ०.६ च्या फार खाली नेण्यात अर्थ नाही. पण ०.९५ आणि ०.६ यांच्यामध्ये जो प्रदेश आहे, तो बसून चढण्याचा आहे, आणि तोच आपल्याकडून काढून घेतला जात आहे.

याची किंमत कोण मोजते, हे पाहिले पाहिजे. पंचवीस वर्षांचा तगडा पोरगा जड गिअरवरही रेटून जातो. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकाबाईंनी हौसेने अशी सायकल घेतली. त्यांचे वजन पंचावन्न किलो. सायकल, सामान आणि पाणी मिळून एकूण त्र्याऐंशी. त्यांच्या शक्तीचा अंदाज ११० वॅटचा धरला तर दहा टक्क्यांच्या मुरुमी चढावर त्यांचा वेग ताशी सव्वाचार किलोमीटर येतो, आणि ४०-४२ च्या गिअरवर त्यांना मिनिटाला जेमतेम चौतीस फेरे मारता येतात. त्या दोन सहलींना आल्या, दोन्ही वेळा चढावर मागे राहिल्या, गुडघे धरून बसल्या. दुकानदाराने सल्ला दिला, ‘मॅडम, सराव वाढवा.’ चार महिन्यांत सायकल विकली गेली. आपल्या अंगातच काही कमी आहे, अशी समजूत त्यांनी करून घेतली. कमी होते ते मागचे दाते. अशा किती बाया, किती पन्नाशी ओलांडलेले लोक, किती उशिरा सुरुवात करणारे या छंदातून मुकाट्याने बाहेर पडले असतील, याची नोंद कोणी ठेवत नाही.

घेण्यापूर्वी एक भागाकार

म्हणून सांगावेसे वाटते की, सायकल घेताना रंग, वजन आणि सांगाड्याचा धातू यांची चौकशी मागाहून करावी. आधी पुढच्या सर्वांत लहान चेनव्हीलचे दाते मोजावेत, मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीचे मोजावेत आणि भागाकार करावा. सामान घेऊन डोंगरातल्या कच्च्या वाटांनी जायचे असेल तर उत्तर ०.७ च्या वर नसावे. वय झाले असेल, गुडघे कुरकुरत असतील किंवा अंगात जोर बेताचा असेल, तर ०.६ कडे झुकावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे. चढ त्याला चढायचा नाही.

सायकल आधीच घेतली असेल तरी निराश होण्याचे कारण नाही. मागचे फ्रीव्हील १४-२८ चे असेल तर पुष्कळदा त्या जागी १४-३४ चे बसते; मागचा डिरेलर तेवढा मोठा दाता पेलणारा आहे ना, आणि साखळी पुरेशी लांब आहे ना, हे कारागिराकडून आधी तपासून घ्यावे. पुढचे चेनव्हील लहान करता येत असेल तर तेही करावे. इथे एक छोटा हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चेनव्हील २४ चे २२ केले तर पायावरचा जोर आठ टक्क्यांनी उतरतो. एकूण शंभर किलोच्या भारात आठ किलो सामान घरी ठेवले तरीही तेवढाच उतरतो. हलका तंबू आणि हलका स्टोव्ह यांवर हजारो रुपये खर्चणारे लोक दोन दात्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, हे मला कोडेच वाटते.

आणखी एक गोष्ट, जी परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. आपल्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेतल्या सायकलवाल्याकडे सात-आठ गिअरची साखळी मिळण्याची आशा असते. बारा गिअरच्या बारीक साखळीसाठी बहुधा पुण्या-मुंबईकडे पाहावे लागते. दूरच्या वाटेवर निघणाऱ्याने त्यामुळे दोन-तीन चेनव्हीलची, मागे आठ-नऊ चक्र्यांची साधी मांडणी जुनाट म्हणून हिणवू नये. ती हलकी चढते, स्वस्तात दुरुस्त होते आणि अडलेल्या जागी सुटे भाग मिळण्याची शक्यता ठेवते. प्रवासी सायकलीकडून याहून वेगळी अपेक्षा काय असते?

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणण्याची प्रथा आहे. तो मान त्याचा आहे, आणि तो त्याला खुशाल मिळावा. पण शर्यत वर्षातून एक दिवस असते, आणि डोंगर बाराही महिने सर्वांचा असतो. राजाच्या मापाचे जोडे सगळ्या प्रजेच्या पायांत चढवले तर प्रजा घरीच बसणार. जिला ‘ग्रॅनी गिअर’ म्हणून हिणवले जाते, ती चक्री सायकलीवर असेल तर खरोखरच एखादी आजी वनकुसवड्याचे पठार आपल्या पायांनी चढून जाईल. त्या दिवशी कोणी तिला हसणार नाही.